निकष ७.२

जिओटॅगनं आमचं व्यसनमुक्ती शिबिर
साळावलीच्या धरणात बुडवलं.
फोटोत मुलं कोरडी आहेत, बॅनर सरळ आहे,
पण खालचे आकडे नकाशावर टाकले
की टाचणी जाते ती थेट निळ्यात,
काठापासून पाऊण किलोमीटर आत.
कायतानला दाखवलं. प्रयोगशाळेतला परिचर,
दोन वर्षांनी निवृत्त होईल.
चष्मा कपाळावर चढवून त्यानं पाहिलं.
"चूक ना, टीचर. थंय आमचें घर आशिल्लें."
आणि परीक्षानळ्या मोजायला निघून गेला,
कारण साठा-नोंदवहीत एकशेवीस आहेत
आणि कपाटात एकशेअकरा.

सांग्याच्या ह्या कॉलेजात
चार महिने आम्ही आम्हालाच तपासतो आहोत.
दाराशी कुंड्या आल्या. रॅम्प आला,
इतका उभा, की बुलेटसुद्धा धापा टाकेल.
मराठी विभागावर ध्येयवाक्य लागलं.
ते मीच लिहिलं, एका तासात, चहा गार होईपर्यंत,
आता रोज त्याच्याखालून
मान न वर करता आत जाते.

प्राचार्य फुर्तादो म्हणतात,
जे कागदावर नाही ते घडलंच नाही.
म्हणून आम्ही एकवीस सालच्या सभांची इतिवृत्तं
आत्ता लिहितो, वेगवेगळ्या पेनांनी,
आणि उपस्थितांच्या यादीत
उसगांवकर सरांच्या सहीची जागा येते
तेव्हा सगळेच जरा वेळ पंख्याकडे बघतात.
सर गेल्या श्रावणात गेले.
ते असते तर म्हणाले असते, द्या इकडे, करतो.

निकष पाच: माजी विद्यार्थ्यांची प्रगती.
प्रज्योत गावकर बोटीवर असतो.
नियुक्तिपत्र पाठव म्हटलं,
तर रात्रपाळीतून त्यानं फोटो पाठवला,
सोललेल्या बटाट्यांचा डोंगर,
आणि खाली: टीचर, जेवलात?
सुलक्षा वेळीपचा फोन लागत नाही.
खाण बंद पडली, बापाचा ट्रक बँकेनं नेला,
ती दुसऱ्या वर्षाला होती.
तक्त्यात ती आहे. गळती: एक.

आणि मग सात-दोन. सर्वोत्तम प्रथा.
शीर्षक, उद्दिष्ट, संदर्भ, अंमलबजावणी,
यशाचा पुरावा. पाचशे शब्दांत.
मी हरित परिसर लिहायला घेतला, सगळेच घेतात.
गांडूळखताच्या खड्ड्यापाशी अडले
(गांडुळं मेमध्ये मेली)
आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

पावणेसात. नेत्रावळीची शेवटची कदंब अजून यायची होती.
थांब्यावर तीन मुली, दप्तरं पोटाशी.
खांब आहे, दिवा नाही.
पलीकडे स्कूटर लावून
कायतान दगडावर बसलेला.
ही त्याची बस नव्हे. त्याचं घर वसाहतीत, उलट्या दिशेला.
मुलींकडे तो बघत नाही, बोलत नाही,
नखानं हेल्मेटवरचा स्टिकर खरवडत बसतो.
बस येते, वळते, लाल दिवे चढणीवर नाहीसे होतात,
मग तो किक मारतो. तिसऱ्यांदा लागते.
चौदा वर्षं मी ह्या खिडकीत बसते आहे.
चौदा वर्षं तो दगडावर.

नवी फाईल उघडली.
शीर्षक: सुचेना.
उद्दिष्ट: त्याला विचारायला हवं,
आणि विचारलं तर लाजून
उद्यापासून थांबायचा नाही.
जिओटॅग फोटो: नाही. हजेरीपट: नाही.
यशाचा पुरावा:
ह्या चौदा वर्षांत
त्या थांब्यावर काहीही घडलेलं नाही.

वाचून पाहिलं. पुसलं.
न घडलेल्या गोष्टीवर सही कुणाची घ्यायची?

हरित परिसरच पाठवला, चारशे अठ्ठ्याण्णव शब्द,
गांडुळं जिवंत ठेवून.
शिबिराचे आकडे तेवढे सुधारायचे होते,
प्राचार्य दोनदा म्हणाले.
ती टाचणी मी पाण्यातच राहू दिली.